जीव वाचविण्याचा जमाखर्च

शाळेच्या हजेरीपटातील ‘गैरहजर’ ह्या एका शब्दामागे किती प्रकारची दुःखे दडलेली असतात, हे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काही वर्षे काढल्यावाचून कळत नाही. गेल्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा सलग पंधरा दिवस दिसेना, म्हणून वर्गशिक्षकांना त्याच्या घरी धाडले. त्यांनी परत येऊन सांगितलेली हकीकत काही जगावेगळी नव्हती. मुलाच्या आजीला मधुमेह. पायाला खिळा लागून जखम झाली, ती चिघळली. आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे आठ दिवस गेले, मग एका खाजगी इस्पितळात तपासण्या झाल्या, आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. घरात सरकारी योजनेचे कार्ड होते. इस्पितळातल्या खाटेचा खर्च त्या कार्डातून सुटलाही; परंतु खाटेपर्यंत पोचेतोवरचा आणि खाट सोडल्यानंतरचा खर्च सुटला नाही. आईच्या गळ्यातल्या दोन वाट्या गहाण पडल्या आणि मुलगा एका चहाच्या टपरीवर कपबशा विसळू लागला.

ह्या घटनेत दोष कोणाचा, हे शोधण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी आपले काम केले, योजनेने आपले केले. मला राहून राहून वाटत होते ते निराळेच. ह्या घरातून एकंदर किती पैसा गेला, आणि त्या पैशाच्या मोबदल्यात त्या म्हातारीच्या पदरात काय पडले, हा साधा हिशेब कोणी मांडतो का? डॉक्टर रोगाचा विचार करतो, हिशेबनीस बिलाचा. गरिबाच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न एकाच वहीत, शेजारीशेजारी मांडणारी माणसे फार थोडी. त्या थोड्यांपैकी एक जोडपे आपल्या मराठी मुलखातले आहे, आणि त्यांनी ही वही चाळीस वर्षे चालविली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ही नावे आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. डॉ. अभय बंगांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक बडोद्याच्या अनेक मराठी घरांतील कपाटांत मी स्वतः पाहिले आहे; काही घरांत ते वाचून झालेलेही आहे! परंतु त्या पुस्तकामुळे एक गैरसमज होतो. आपण त्यांना हृदयरोगावर चिंतन करणारे डॉक्टर म्हणून ओळखतो. त्यांचे खरे आयुष्य गेले ते मात्र दुसऱ्याच कामात, आणि तेही अशा जिल्ह्यात, की जिथे आपल्यापैकी बहुतेकांची मावशी राहत नाही आणि जिथे आपण लग्नाला जात नाही. बडोदेकराच्या मनातला महाराष्ट्र पुणे, मुंबई, कोल्हापूर, फार तर नाशिकपर्यंत. नागपूरच्याही पलीकडे, वैनगंगेपार, गोदावरी-इंद्रावतीपर्यंत पसरलेला गडचिरोली जिल्हा त्या नकाशात नसतोच. तो जिल्हा अस्तित्वात आला तोच मुळी १९८२ साली, चंद्रपूरचे विभाजन होऊन.

अभय बंग १९५० साली जन्मले आणि सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्याचे ठरल्यावर ते गांधीजींचा आशीर्वाद घेण्यास गेले. अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेऐवजी भारताच्या खेड्यांत जा, असे गांधीजींनी सुचविले, आणि ठाकुरदासजींनी अमेरिकेचा बेत रद्द केला. ही हकीकत डॉ. बंगांनी अनेक ठिकाणी सांगितली आहे. मुलगा पुढे अमेरिकेला गेला, पण परत आला. राणीबाई माहेरच्या चारी, चंद्रपूरच्या. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरला, दोघेही सुवर्णपदकांचे मानकरी; ते वैद्यकशास्त्राचे तर त्या स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर. १९८४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून दोघांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोली गाठले. तेंदूपत्ता साठविण्याच्या जुन्या गोदामात त्यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेचे संशोधन सुरू झाले.

अमेरिकेला जाण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ह्या माणसाच्या बुद्धीचा कल तीत स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी समिती नेमलेली होती. तिने ठरविलेला दर दिवसाला चार रुपये. डॉ. बंगांनी त्या अहवालातील आकडेवारी घेऊन बसून हिशेब तपासला: उन्हातान्हात खणणाऱ्या माणसाला उष्मांक किती लागतात, त्याच्या बायकोपोरांना किती, त्या उष्मांकांचे धान्य बाजारात कितीला पडते. उत्तर आले बारा रुपये. एरवी वेतनाच्या प्रश्नावर मोर्चे निघतात, घोषणा होतात. येथे एका वैद्याने शरीरशास्त्राच्या आधाराने सरकारी गणितातली चूक काढून दाखविली. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासताना ‘रीत बरोबर, उत्तर चूक’ असा शेरा आपण मारतो. येथे रीतच चुकली होती.

गडचिरोलीत आल्यावर त्यांचीही एक रीत प्रथम चुकली, आणि ती त्यांनी स्वतःच जाहीरपणे कबूल केली आहे. आदिवासींमध्ये सिकलसेल ह्या रक्तदोषाचे प्रमाण मोठे असल्याचे त्यांनी शोधून काढले. शास्त्रीयदृष्ट्या शोध चांगला. पण लोकांना त्याचे काही सोयरसुतक नव्हते. हा रोग आमचा, पण प्रश्न आमचा नाही, अशी त्यांची भूमिका. कारण त्यावर तेव्हा उपाय तो काय होता? तेव्हापासून संशोधनाचा विषय लोकांना विचारून ठरवावयाचा, अशी शिस्त ह्या दांपत्याने घालून घेतली. दवाखान्याच्या बाबतीतही तेच घडले. आदिवासी सरकारी इस्पितळात का येत नाहीत, असे विचारता उत्तर मिळाले, की तेथे सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि आम्ही तर प्रेताला पांढरे गुंडाळतो! शिवाय मोठमोठ्या इमारतींत जीव घाबरतो, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग धानोरा रस्त्यावर चातगावाजवळ ‘शोधग्राम’ वसले, तेथील दवाखाना आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा झाला आणि त्याला नाव मिळाले दंतेश्वरी देवीचे. शहरातल्या चकचकीत इस्पितळाहून ही बांधणी स्वस्त पडली असेल हे खरे. पण ती काटकसरीतून सुचलेली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

राणीबाईंचे १९८९ सालचे संशोधन इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शेकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरीने एकेका स्त्रीला तीनाहून अधिक. आणि पूर्वी कधीतरी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शेकडा अवघ्या ८. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढीच जगाची समजूत होती. जी दुखणी कोणी विचारलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नव्हती. ह्या एका लेखाने जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना आपली दप्तरे पुन्हा उघडावी लागली. आपल्या घरांतल्या आई-मावश्यांनीही ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ म्हणून किती दुखणी अंगावर काढली, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

१९८८ साली ह्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १२१ मुले वर्षाच्या आत दगावत. बालमृत्यूचे एक मोठे कारण न्यूमोनिया. औषध होते, स्वस्त होते. पण औषध होते तालुक्याला आणि मूल होते जंगलातल्या गावात. बंगांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या माणसांना व सुइणींना निदान व उपचार शिकविण्याचे ठरविले. न्यूमोनिया ओळखण्याची खूण म्हणजे श्वासाचा वेग: दोन महिन्यांच्या आतल्या मुलाचे मिनिटाला साठ, त्याहून मोठ्या अर्भकाचे पन्नास श्वास झाले की धोका. पण सुइणींना पन्नासपर्यंत मोजता कुठे येत होते! तेव्हा एक साधे उपकरण तयार झाले. लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन ओळी, आणि मधे एका मिनिटाची वाळूची घटिका. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला तर मूल आजारी. दहापर्यंत मोजता आले की पुरे. आमच्या पहिलीच्या वर्गातली मणिचौकट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे उपकरण समजावून सांगावे लागणार नाही. ज्या वस्तूने आम्ही मुलांना बेरीज शिकविली, तिनेच तिकडे सुइणीला न्यूमोनियाचे निदान शिकविले, ह्याचा मला शिक्षक म्हणून विशेष आनंद वाटतो.

५८ गावांत हा उपचार दिला गेला आणि ४४ गावांशी तुलना केली गेली. निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८, तुलनेच्या गावांतील न्यूमोनियाच्या रुग्णांत ते शेकडा १३.५. आणि ह्याच लेखात, मृत्यूच्या आकड्यांच्या शेजारी, खर्चाचा आकडा मांडलेला होता: औषधाचा खर्च दर मुलामागे वर्षाला अडीच सेंट, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने आठ आण्यांच्या आत, आणि वाचलेल्या प्रत्येक मुलामागे २.६४ डॉलर, म्हणजे पन्नास रुपयांहून कमी. अर्थात ही नुसत्या औषधाची किंमत झाली. शिकविण्याचा, देखरेखीचा, पावसात चिखल तुडवीत गावोगाव फिरण्याचा खर्च तीत धरलेला नाही, हे आपण विसरू नये. तरीही एका मुलाचा जीव आणि पन्नास रुपये हे दोन आकडे एका ओळीत वाचताना माझा हात क्षणभर थांबला. एवढ्या रकमेत त्या काळी बडोद्यात एका कुटुंबाचा एका रात्रीचा सिनेमा होत असे.

न्यूमोनियाचे मरण आटोक्यात आल्यावर ध्यानात आले, की जी मुले अजूनही मरतात ती बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच मरतात. डॉ. बंगांनी एका मुलाची गोष्ट वारंवार सांगितली आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ, दोन बाया एक तान्हे मूल घेऊन त्यांच्या दारी आल्या, आणि डॉक्टर काही करण्यापूर्वीच ते मूल गेले. नंतर बसून त्यांनी त्या एका मृत्यूची कारणे मोजली. ती अठरा भरली. आईचे अर्धपोटी राहणे, गरोदरपणातला मलेरिया, मुलाचे अपुरे वजन, चुकीच्या समजुती, अंतर, वाटेतले पाणी, पैसा. मृत्यूच्या दाखल्यावर ह्यातले एकच कारण येते. अठरांची साखळी बघून कोणीही हातपाय गाळावेत. परंतु त्यांनी विचार उलट केला: साखळी तोडण्यासाठी सर्व कड्या तोडाव्या लागत नाहीत.

त्या काळी नवजात बालकावर उपचार म्हणजे काचेची पेटी, शहरातले इस्पितळ आणि तज्ज्ञ डॉक्टर, असेच समीकरण होते. १९९५-९६ साली ३९ गावांतील नवजात बालकांची घरोघरी जाऊन नोंद ठेवली, तेव्हा निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याचे दिसले. डॉक्टरांपर्यंत मात्र शेकडा तीनसुद्धा पोचली नव्हती. मूल इस्पितळात जात नसेल तर इस्पितळ मुलाकडे गेले पाहिजे. गावातल्याच एका थोड्या शिकलेल्या स्त्रीला निवडून ‘आरोग्यदूत’ हे नाव दिले. बाळंतपणाला सुइणीसोबत हजर राहायचे, मूल रडले नाही तर नळी व पिशवीने श्वास द्यायचा, त्याचे वजन करायचे, त्याला ऊबदार ठेवायचे, आईला लगेच पाजावयास लावायचे, आणि जंतुदोषाची चिन्हे दिसल्यास तोंडाने औषध व जेंटामायसिनची सुई द्यायची. शेवटच्या ह्या कलमावर गदारोळ होणे स्वाभाविक होते. न शिकलेल्या, निदान वैद्यक न शिकलेल्या बाईच्या हाती तान्ह्या मुलासाठी सुई! पण हिशेब पाहा. उपचारापूर्वीच्या काळात जंतुदोष झालेल्या बालकांपैकी शेकडा १६.६ दगावत होती. आरोग्यदूतांच्या हाती उपचार आल्यावर शेकडा २.८.

१९९९ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये आले. ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण पूर्वी हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर उतरले. तुलनेच्या ४७ गावांत ते साठीच्या आसपासच घोटाळत राहिले. खर्च दर बालकामागे ५.३ डॉलर, म्हणजे त्या काळचे सुमारे दोनशे रुपये. दर अठरा बालकांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. गुणाकार केला तर एका जिवाला साडेतीन-चार हजार रुपये पडले. (अठरा हा आकडा येथे पुन्हा आला, हा निव्वळ योगायोग.)

हा मजकूर मी घरी वाचून दाखविला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातली भाजी बाजूला ठेवून विचारले, “आणि त्या सत्तेचाळीस गावांतल्या मुलांचं काय?” प्रश्न बिनतोड आहे. त्या गावांत सरकारी व्यवस्था नेहमीप्रमाणे चालू होती, तीत काही कमी केलेले नव्हते. पण नवे काही दिलेलेही नव्हते. शास्त्राचे उत्तर असे, की हा उपाय खरोखर गुणकारी आहे की नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तुलना केली नसती तर तो देशभर नेण्याचा आग्रह कोणी मानला नसता. मला हे उत्तर पटते. सौभाग्यवतींना अर्धेच पटले. ज्या आईचे मूल त्या सत्तेचाळीसपैकी एखाद्या गावात गेले, तिला ते कितपत पटेल, हे मी सांगू शकत नाही.

प्रथम थोडक्या जागी प्रयोग, मग सर्वत्र अंमल, ही पद्धत बडोदेकरांना नवी नसावी. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली महालात केला, तो उतरल्यावर १९०६ साली साऱ्या संस्थानास लागू केला. महाराजांना तेरा वर्षे लागली. गडचिरोलीच्या प्रयोगाला सरकारी मान्यता मिळून घरोघरी नवजात बालकांची काळजी हा कार्यक्रम ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाला २०११ साली, म्हणजे प्रसिद्धीनंतर बारा वर्षांनी. बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी यावयाचे. बाळंतपण घरीच झाले असल्यास पहिल्या दिवशीही. साऱ्या भेटींचे मानधन ठरले २५० रुपये. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. सुईचा भाग मात्र सरकारने आशांच्या हाती दिला नाही. २०१४ साली विशिष्ट परिस्थितीत परिचारिकांना, म्हणजे एएनएमना, तशी मुभा दिली. गडचिरोलीच्या प्रयोगातले सर्वांत धाडसी कलम असे बाजूला पडले. भारताचा बालमृत्यूदर २०२० साली हजारी २८ पर्यंत खाली आला. त्याचे सारे श्रेय ह्या एका कार्यक्रमाला देणे अन्यायाचे होईल. रस्ते आले, लसी आल्या, इस्पितळातली बाळंतपणे वाढली. मात्र त्या २८ पैकी २० मृत्यू पहिल्या महिन्यातलेच होते, हेही लक्षात असू द्यावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की ही सारी तिकडची कथा झाली, आपल्या गुजरातेत काय? तर गुजरातेतही असाच एक हिशेब मांडला गेला, आणि त्याचे उत्तर सुखद आले नाही. २००५ च्या डिसेंबरात राज्य सरकारने बनासकांठा, दाहोद, कच्छ, पंचमहाल व साबरकांठा ह्या पाच जिल्ह्यांत ‘चिरंजीवी योजना’ सुरू केली, पुढे ती राज्यभर नेली. सरकारी इस्पितळांत प्रसूतितज्ज्ञ नाहीत, खाजगीत आहेत. तेव्हा गरीब बाईचे बाळंतपण खाजगी डॉक्टरांनी करावे आणि सरकारने त्यांना शंभर बाळंतपणांमागे १,७९,५०० रुपये द्यावेत. साधे बाळंतपण असो की शस्त्रक्रियेचे, दर एकच, म्हणजे विनाकारण पोट फाडण्याचा मोह नको. कल्पना चतुर होती, तिचे कौतुक देशोदेशी झाले. अहमदाबादचे डॉ. दिलीप मावळंकर हे डॉक्टर व आरोग्यव्यवस्थेचे अभ्यासक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ह्या योजनेमुळे माता व बालकांचे जीव वाचत असल्याचा अंदाज मांडला.

त्यानंतर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे मनोज मोहनन, जे शिक्षणाने डॉक्टर आणि नंतर अर्थशास्त्री, ह्यांनी व सहकाऱ्यांनी निराळ्या वाटेने शोध घेतला. इस्पितळाची दप्तरे न बघता ते गुजरातेतील साडेपाच हजारांहून अधिक कुटुंबांच्या दारी गेले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी लिहिले, की योजनेमुळे इस्पितळातील बाळंतपणांत अशी वाढ झाल्याचे दिसत नाही, की जी एरवी झाली नसती; आणि चकित करणारी गोष्ट ही, की घरच्यांचा बाळंतपणावरचा खर्चही कमी झालेला दिसत नाही. इस्पितळांत जाण्याकडे कल साऱ्या राज्यात वाढतच होता. जी बाई योजनेतून गेली ती बहुधा एरवीही गेली असती. दप्तर पाहणाऱ्याला योजनेत झालेली बाळंतपणे दिसतात. घर पाहणाऱ्याला खिशातून गेलेले पैसे दिसतात. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. फरक पडला तो प्रश्न कोठे उभे राहून विचारला ह्यामुळे. ह्यावरून योजना वाईट होती असे मी म्हणणार नाही. एखाद्या कोपऱ्यातल्या खेड्यात अडलेली एक बाई तिच्यामुळे सुटली असेलच. पण पैसा सरकारने भरला म्हणजे गरिबाचा वाचला, हे गृहीत धरता येत नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

आपल्या बडोद्याच्या दक्षिणेला, भरूच जिल्ह्यातील झगडिया येथे, १९८० सालापासून ‘सेवा रूरल’ ही संस्था डॉ. अनिल देसाई व डॉ. लता देसाई ह्यांनी उभी केली आहे. विवेकानंद आणि गांधी ह्यांच्या विचारांनी भारलेली ही मंडळी. जागतिक आरोग्य संघटनेचा ससाकावा पुरस्कार त्यांना १९८५ सालीच मिळाला. ह्या संस्थेने भरूच-नर्मदेच्या आदिवासी पट्ट्यात आशाताईंच्या हाती मोबाइल दिला. कोणत्या घरी आज जायचे, बाळाचे काय पाहायचे, हे तो सांगतो, आणि भेट चुकली तर वरच्या अधिकाऱ्यांना कळवितो. त्यामुळे घरभेटी वाढल्या, हे तुलनात्मक अभ्यासाने दाखवून २०१९ साली प्रसिद्ध केले गेले. गडचिरोलीच्या झोपडीत जन्मलेला उपचार नर्मदाकाठच्या झोपडीत पोचण्याची वाट अशी आहे. आपली मंडळी नारेश्वर, गरुडेश्वर, कुबेर भंडारीला हौसेने जातात. वाटेत झगडियाला थांबून हे काम पाहिल्यास चार तास सत्कारणी लागतील.

पुन्हा त्या आठवीतल्या मुलाच्या घराकडे येतो. २०१८ पासून आयुष्मान योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, गुजरातेत २०२३ पासून दहा लाख. देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोक स्वतःच्या खिशातून भरतात तो वाटा २०१३-१४ मध्ये शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ मध्ये सुमारे ३९ वर आल्याचे सरकारी लेखे सांगतात. सुधारणा निःसंशय आहे. पण ही योजना आहे इस्पितळात दाखल होण्याची. मधुमेहाची रोजची गोळी, महिन्याची रक्ततपासणी, जखम लहान असताना बांधावयाची पट्टी, दवाखान्यात गेल्यामुळे बुडालेली मजुरी, ही त्या कार्डात येत नाहीत. बोटे कापण्याचा खर्च मिळतो. बोटे कापावी लागू नयेत म्हणून करावयाचा खर्च घरातून करावा लागतो. बंगांच्या आठ आण्यांच्या हिशेबापुढे हे कोष्टक ठेवून पाहिले, की माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही त्यातली उलटी वजाबाकी दिसते. अठरा कड्यांपैकी शेवटची कडी सर्वांत महाग, आणि आपण तीच धरून बसलो आहोत.

मुलगा परत आला. त्याच्या आईशी दोनदा बोलावे लागले, टपरीवाल्याशी एकदा. तो भला माणूस निघाला, त्याने मुलाला संध्याकाळचे दोन तास ठेवून सकाळ मोकळी केली. आजी आता काठी घेऊन चालते. तिच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळू शकतात हे त्या घराला ठाऊकच नव्हते. एक शिक्षिका तिला घेऊन गेल्या आणि नाव नोंदवून आल्या. वाट्या अजून गहाणच आहेत.

यंदापासून मी वर्गशिक्षकांना एक काम वाढवून दिले आहे, त्याबद्दल ते माझ्यावर थोडे नाराजही आहेत. सलग तीन दिवस मूल आले नाही, तर हजेरीपटाच्या शेवटच्या, ‘शेरा’ ह्या रकान्यात कारण लिहावयाचे. घरी आजारपण असेल तर कोणाचे, कोठे नेले, आणि सांगितल्यास खर्च किती झाला तोही. रकाना फारच अरुंद आहे. बऱ्याच मुलांच्या बाबतीत मजकूर खालच्या नावाच्या ओळीत उतरतो.